दप्तर कोणाचं?

स्वीडनमध्ये १६११ ते १७१८ या काळाला महासत्तेचा काळ म्हणण्याची रीत आहे. त्याला कारणही आहे. फिनलंड धरूनसुद्धा ज्या राज्यात बारा-तेरा लाखांच्या आसपासच वस्ती होती, ज्याच्या उत्तरेकडची जमीन वर्षातले पाच-सहा महिने गोठलेली असायची, त्या राज्याने जर्मनीच्या मध्यावर जाऊन सम्राटाच्या फौजा मोडल्या, डेन्मार्ककडून दक्षिणेचे सुपीक प्रांत घेतले, वॉर्सा काबीज केली आणि बाल्टिक समुद्राचा बराचसा किनारा आपल्या अमलाखाली आणला. गुस्ताव अडॉल्फ, राणी क्रिस्टिना, दहावा कार्ल, बारावा कार्ल ही या काळाची नावं. बाराव्या कार्लचं चरित्र तर खुद्द व्होल्तेरने लिहिलं आणि ते युरोपभर वाचलं गेलं.

मला या काळाकडे पाहताना या नावांपेक्षा गावोगावच्या पाद्र्यांनी लिहिलेल्या याद्या जास्त मोलाच्या वाटतात. स्वीडनच्या राज्याने आपली माणसं मोजायला घेतली ती लढाईवर धाडण्यासाठी. त्यानंतर दीडशे वर्षांच्या आत त्याच देशात असा कायदा झाला की, राज्याचे कागद कोणाही नागरिकाला मागता येतील, पाहता येतील, छापता येतील. जगात असा कायदा त्याआधी कुठे झालेला नव्हता. या दोन गोष्टींच्या मध्ये जे घडलं, ते मला स्वीडनचं खरं मोठेपण वाटतं. आणि ते विजयातून आलेलं नाही. ते पराभवानंतर आलं, पराभवामुळे आलं.

सुरुवात थोडी मागून करावी लागते. १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्टियान याने स्टॉकहोमच्या मुख्य चौकात ऐंशीच्या वर उमराव, बिशप आणि शहरातले मातब्बर यांचा शिरच्छेद करवला. त्यात गुस्ताव वासा या तरुणाचे वडीलही होते. गुस्तावने दालार्ना प्रांतातल्या शेतकऱ्यांना आणि खाणकामगारांना उठवलं, डेन्मार्कची सत्ता झुगारली आणि १५२३ मध्ये तो राजा झाला. ज्यांच्या जोरावर तो गादीवर बसला त्यांच्याकडेच त्याचं लक्ष मग वळलं. १५२७ मध्ये वेस्तेरोसच्या सभेत चर्चची मालमत्ता राजाकडे आली, पुढे कर्ज फेडायला चर्चच्या घंटाही उतरवल्या गेल्या. दालार्नाचे शेतकरी चिडून उठले, त्यांच्या पुढाऱ्यांची मुंडकी उडाली. १५४२ मध्ये स्मोलांडमध्ये निल्स डाके या शेतकऱ्याने त्याहून मोठं बंड केलं. तेही मोडलं गेलं.

या सगळ्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. रोमशी संबंध तुटल्यावर गावचा पाद्री हा राजाचा माणूस झाला. आणि १५४० च्या सुमारास जमिनीचे जे खतावणीवजा दस्त तयार झाले त्यांत प्रत्येक शेतावरचा सारा नावनिशीवार लिहिला गेला. गुस्ताव वासा आपल्या मुलखाकडे खोताच्या नजरेने पाहायचा. कोणत्या शेतातून किती लोणी, किती धान्य, किती लोखंड यायला हवं हे त्याला ठाऊक असायचं. स्वीडनचा शेतकरी भूदास नव्हता, त्याला घरात हत्यार ठेवता यायचं, गावाच्या न्यायसभेत बोलता यायचं. पण तो आता कागदावर आला होता.

त्याचा नातू गुस्ताव दुसरा अडॉल्फ १६११ मध्ये सोळाव्या वर्षी राजा झाला. त्याचा चान्सेलर आक्सेल ओक्सेनशेर्ना वयाने अठ्ठावीस. या जोडीला वारसा मिळाला तो तीन लढायांचा आणि रिकाम्या खजिन्याचा. १६१३ च्या तहाने एल्व्ह्सबोरीचा किल्ला डेन्मार्ककडून सोडवून घेण्यासाठी दहा लाख रिक्सडालर भरायचे ठरले. स्पेनकडे अमेरिकेची चांदी होती, डचांकडे व्यापार होता. स्वीडनकडे फालूनच्या खाणीतलं तांबं होतं, लोखंड होतं, डांबर होतं आणि माणसं होती. पैसा कमी पडला म्हणून राज्य माणसांच्या मोजणीकडे वळलं. या हिशेबीपणाच्या मुळाशी गरिबी आहे हे विसरून चालणार नाही.

भरतीची पद्धत अशी होती. पाद्र्याने आपल्या गावातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांची यादी करायची. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी हजर व्हायचं. दहा-दहा जणांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातला एक उचलायचा. लढाई कशासाठी आहे हे पाद्री चर्चमधल्या प्रवचनपीठावरून समजावून सांगायचा, नव्या कराचं फर्मानही तिथूनच वाचलं जायचं. बाप्तिस्मा देणारा, लग्न लावणारा आणि लढाईवर पाठवणारा हात एकच होता.

वेस्तरबोत्तेनमधल्या बिग्दिओ या परगण्याच्या याद्या शाबूत आहेत. यान लिंडेग्रेन या इतिहासकाराने त्या एकेका नावानिशी तपासल्या. १६२१ ते १६३९ या काळात या एका परगण्यातून २३० तरुण पोलंड आणि जर्मनीत पाठवले गेले. त्यातले २१५ मेले. पाच जण लुळेपांगळे होऊन परतले. १६२१ मध्ये तिथे ४६८ कर्ते पुरुष होते, १६३९ मध्ये २८८ उरले. बाई कुटुंबप्रमुख असलेली घरं सात पटींनी वाढली. माणसं संपत आली तसं वय खाली येत गेलं. १६३९ च्या भरतीतले निम्मे पंधरा वर्षांचे होते, आणि दोघे सोडले तर बाकी सगळे अठराच्या आतले. यातले बहुतेक रणांगणावर पडले नाहीत. ते पोलंड-जर्मनीतल्या ठाण्यांत, ओल्या गवतावर, तापाने आणि हगवणीने मेले.

लुत्सेनच्या धुक्यात ६ नोव्हेंबर १६३२ ला गुस्ताव अडॉल्फ कसा पडला, त्याचा घोडा रिकाम्या खोगिराने कसा परतला, हे शंभर पुस्तकांत आहे. बिग्दिओच्या २१५ जणांबद्दल तीनशे वर्षं कोणी लिहिलं नाही. तरी ते पुसले गेले नाहीत, कारण त्यांना धाडणाऱ्या राज्याने त्यांची नावं लिहून ठेवली होती. या कागदांकडे म्हणूनच मला एका भावनेने पाहता येत नाही. त्यांच्याच साहाय्याने ती मुलं मरणाच्या वाटेला लागली, आणि त्यांच्यामुळेच त्यांचा हिशेब आज मागता येतो.

आपल्या कागदांना उत्तर देण्याची मात्र या राज्याला सवय नव्हती. याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण 'वासा' हे जहाज. १० ऑगस्ट १६२८ ला, रविवारी, स्टॉकहोमच्या राजवाड्याखालून ते निघालं. चौसष्ट तोफा, दोन तोफमजले, मागच्या बाजूला रंगवलेल्या शेकडो लाकडी मूर्ती. वारा मंद होता. सलामीसाठी तोफांची झडपं उघडी होती. एका झुळुकीने जहाज कलंडलं, सावरलं, दुसऱ्या झुळुकीने आणखी कलंडलं आणि खालच्या झडपांतून पाणी आत शिरलं. जेमतेम तेराशे मीटर जाऊन ते काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडालं. तीसेक माणसं गेली.

लगेच चौकशी बसली. त्या चौकशीतल्या साक्षींवरून कळतं की, जहाज निघण्याआधी धक्क्यावरच त्याची परीक्षा घेतली होती. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावायला लावलं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की, अॅडमिरल फ्लेमिंगने धावणं थांबवायला सांगितलं. जहाज अस्थिर आहे हे तिथे हजर असलेल्यांना त्या दिवशीच कळलं होतं. तरी ते निघालं, कारण राजा प्रशियातून पत्रावर पत्र पाठवून जहाजाची घाई करत होता. बांधणारा डच कारागीर हेन्रिक हिबर्टसन आदल्याच वर्षी वारला होता, आणि त्याच्या मागून काम पाहणाऱ्यांनी सांगितलं की जहाजाची मापं राजाने मंजूर केलेली आहेत. चौकशी तिथे थांबली. कोणालाही शिक्षा झाली नाही. थांबली याचा अर्थ सगळे निर्दोष ठरले असा नाही. पुढचा प्रश्न राजाला विचारावा लागला असता, आणि तो विचारण्याची जागा त्या राज्यात नव्हती. जबानी घेतली, लिहिली, ठेवून दिली. १९६१ मध्ये ते जहाज वर काढलं गेलं आणि आज ते संग्रहालयात जवळजवळ अखंड उभं आहे.

ओक्सेनशेर्नाचं काम याच्याशी जोडून पाहिलं पाहिजे. तो चाळीस वर्षांहून अधिक काळ चान्सेलर होता आणि राज्य चालवणं म्हणजे काय याची त्याच्याइतकी स्वच्छ कल्पना त्या काळी युरोपात फार थोड्यांना होती. राजा मारला गेला तेव्हा त्याची मुलगी क्रिस्टिना पाच वर्षांची होती. १६३४ च्या राज्यघटनेने त्याने कारभाराची पाच खाती केली, देशाचे जिल्हे पाडले, प्रत्येक जिल्ह्यावर एक अधिकारी नेमला. राजा परदेशात असो, बाल असो, मेलेला असो, काम चालू राहील अशी व्यवस्था. १६१८ मध्ये राज्य दप्तरखाना, १६२८ मध्ये भूमापन खातं, १६३६ मध्ये टपाल. गावागावांचे शेतवार नकाशे तयार झाले. त्या नकाशांत कुठे शेत, कुठे कुरण, कुठे दगड, कुठे पाणचक्की हे रंगांनी दाखवलेलं आहे, आणि ते आजही पाहायला मिळतात. हे सगळं उभं राहिलं ते सारा नेमका वसूल व्हावा आणि गटामागे एक माणूस नेमका मिळावा म्हणून.

पण हाच काळ दुसऱ्या एका गोष्टीचाही आहे. १६१७ च्या कायद्याने रिक्सदाग या सभेची चार सभागृहं ठरली: उमराव, पाद्री, शहरी व्यापारी-कारागीर आणि शेतकरी. शेतकऱ्यांना चौथं सभागृह मिळणं ही युरोपात दुर्मीळ गोष्ट होती. ते दुबळं होतं, परराष्ट्राच्या गुप्त बाबींपासून त्याला दूर ठेवलं जायचं, उमरावांच्या जमिनीवरच्या कुळांना त्यात जागा नव्हती, भूमिहीनाला नव्हती, बाईला नव्हती. तरी कराला आणि भरतीला त्यांची मान्यता घ्यावी लागायची, आणि ज्याची मान्यता घ्यावी लागते त्याला कधी ना कधी कारण सांगावं लागतं. १६५० च्या सभेत खालच्या तिन्ही सभागृहांनी मिळून मागणी केली की, उमरावांना वाटलेल्या जहागिरी परत घ्या. क्रिस्टिनाने स्वतः जमिनी मुक्तहस्ताने वाटलेल्या होत्या. तिने ही मागणी उमरावांवर दडपण आणण्यापुरती वापरली, आपल्या वारसाची निवड मंजूर करून घेतली आणि मागणी बाजूला ठेवली. चार वर्षांनी तिने मुकुट उतरवला, कॅथलिक झाली आणि रोमला जाऊन राहिली. तिच्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे आणि ती विलक्षण बाई होती यात शंका नाही. प्रागच्या लुटीतली पुस्तकं तिच्या ग्रंथालयात आली, देकार्त तिच्या दरबारी येऊन स्टॉकहोमच्या थंडीत वारला. पण १६५० ची ती शेतकऱ्यांची मागणी मला तिच्या चरित्रातल्या कोणत्याही प्रसंगापेक्षा मोठी वाटते. ती पुरी व्हायला तीस वर्षं लागली. १६८० मध्ये अकराव्या कार्लने जहागिरी खालसा केल्या.

त्याबरोबर एकाधिकारही आला. १६९३ मध्ये रिक्सदागनेच ठराव केला की, राजा पृथ्वीवर कोणालाही जबाबदार नाही. शेतकऱ्यांनी उमरावांचा जाच कमी व्हावा म्हणून ही किंमत मोजली.

याच राजाच्या काळातला १६८६ चा चर्च कायदा स्वीडनच्या समाजावर सगळ्यांत खोल उतरला असं मी म्हणेन. घरातल्या प्रत्येक माणसाला, गड्याला आणि मोलकरणीलाही, वाचता आलं पाहिजे आणि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं आली पाहिजेत. पाद्री गावातल्या घरांची वेळोवेळी परीक्षा घेणार. एखाद्या मोठ्या घरात शेजारची घरं जमायची. टेबलाशी पाद्री बसलेला, समोर वही. एकेकाने पुढे यायचं, वाचून दाखवायचं, अर्थ सांगायचा. कोण चांगलं वाचतं, कोण अडखळतं, कोणाला नुसतं पाठ आहे, याच्या खुणा नावापुढे व्हायच्या. ज्याला येत नाही त्याचं लग्न अडायचं. शाळा फार थोड्या होत्या, मुलांना आई शिकवायची. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वीडनमधल्या बहुतेक माणसांना, बायकांनाही, छापलेलं वाचता यायला लागलं होतं. लिहिता मात्र थोड्यांनाच यायचं, कारण लिहिण्याची परीक्षा नव्हती. राज्याला ऐकणारी प्रजा हवी होती, उत्तर देणारी नव्हे.

या व्यवस्थेचं कौतुक करताना तोर्सोकेर या परगण्यातला प्रसंग डोळ्यांआड करता येत नाही. १६६८ ते १६७६ या काळात चेटकिणींच्या खटल्यांची लाट उत्तरेकडून स्टॉकहोमपर्यंत पसरली आणि सुमारे तीनशे माणसं मारली गेली. १६७५ मध्ये तोर्सोकेर आणि शेजारच्या परगण्यांतली ७१ माणसं, त्यात ६५ बायका, एका दिवसात शिरच्छेद करून जाळली गेली. साक्षी लहान मुलांच्या. ती मुलं सैतानाच्या मेळ्याला नेली जात असल्याचं सांगायची, आणि ती तसं सांगतील याची तजवीज करण्यात लॉरेंतियस होर्नेयस हा पाद्री पुढे होता. त्याच्या नातवाने पुढे आपल्या आजीकडून ऐकून हे सगळं लिहून ठेवलं, म्हणून मुलांना मारून, छळून साक्षी कशा काढल्या हे कळतं. उत्तरेकडच्या सामी लोकांची गोष्टही याच काळातली: नासाफेलच्या चांदीच्या खाणीचा माल त्यांच्या रेनडिअरवरून जबरदस्तीने वाहून नेला जायचा, आणि १६९३ मध्ये लार्स निल्सन या सामी माणसाला आपला धार्मिक ढोल वापरल्याबद्दल जाळण्यात आलं. सगळ्यांची नोंद ठेवणारं राज्य ज्याला वेगळं ठरवायचं त्याला सहज शोधून काढू शकतं. साक्षरता आणि शिस्त यांनी माणसं आपोआप मुक्त होत नाहीत.

मग फरक कशाने पडला? माझं उत्तर: बाराव्या कार्लने.

१६९५ ते ९७ च्या दुष्काळात फिनलंडमध्ये लोकसंख्येचा चौथा ते तिसरा हिस्सा मेला. त्याच्या पाठोपाठ पंधरा वर्षांचा मुलगा सर्वाधिकारी राजा झाला. १७०० मध्ये नार्वाला त्याने आपल्याहून कितीतरी मोठ्या रशियन फौजेचा बर्फाच्या वादळात पराभव केला, आणि या विजयानेच पुढचं सगळं नुकसान केलं. रशियाशी तह करण्याच्या संधी त्याने नाकारल्या. १७०९ मध्ये युक्रेनमधल्या पोल्तावाला फौज बुडाली. तो तुर्कांच्या मुलखात जाऊन पाच वर्षं राहिला. १७०० मध्ये बाहेर पडलेला हा राजा जिवंतपणी स्टॉकहोमला परतलाच नाही. इकडे १७१० मध्ये राजधानीत प्लेग आला, तांब्याच्या खोट्या किमतीच्या नाण्यांवर कारभार चालला होता. ३० नोव्हेंबर १७१८ ला नॉर्वेतल्या फ्रेड्रिक्स्टेन किल्ल्याच्या वेढ्यात डोक्यातून गोळी जाऊन तो मेला. गोळी शत्रूची की स्वतःच्या माणसाची यावर तिथे अजून वाद घालतात. मला त्या वादापेक्षा सेनापती आर्मफेल्टच्या तुकडीची आठवण येते. राजा गेल्याची बातमी मिळाल्यावर ती फौज नॉर्वेच्या डोंगरांतून घरी निघाली आणि नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसांत हिमवादळात तीनेक हजार माणसं गोठून मेली. बरेचसे फिनलंडचे शेतकरी होते.

बाराव्या कार्लच्या या लढायांत स्वीडनने सुमारे दोन लाख माणसं गमावली असा अंदाज आहे. १७२१ च्या तहाने बाल्टिकपलीकडचे जवळजवळ सगळे प्रांत गेले. देश कंगाल झाला. पण एक काम या पराभवाने केलं जे कुठल्याही विजयाने झालं नसतं. राजा कोणालाही जबाबदार नाही या कल्पनेची किंमत घराघराला कळली होती. निपुत्रिक भावाच्या मागे गादी मागणाऱ्या उल्रिका एलेओनोराला रिक्सदागने अट घातली: एकाधिकार सोडून दे. १७१९ आणि १७२० च्या घटनांनी सत्ता सभेकडे आली. १७५६ पर्यंत मजल अशी गेली की, राजाने सही करायला नकार दिला तर त्याच्या सहीचा शिक्का मारावा असं ठरलं.

या पन्नास वर्षांना स्वातंत्र्याचा काळ म्हणतात आणि त्यावर टीका करायला भरपूर जागा आहे. 'हॅट' आणि 'कॅप' या दोन पक्षांना फ्रान्स आणि रशियाचे वकील पैसे चारायचे. हॅट पक्षाने रशियाशी आणि प्रशियाशी दोन निरर्थक लढाया ओढवून घेतल्या. १७४३ मध्ये दालार्नाचे शेतकरी जाब विचारायला राजधानीवर चालून आले, त्यांच्यावर स्टॉकहोमच्या चौकात गोळ्या चालल्या. निर्णय गुप्त समितीत व्हायचे आणि तिथे शेतकरी नसायचे. हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन की, या काळात स्वीडनने राज्य आणि प्रजा यांच्यामधला कागद उलटा फिरवायला सुरुवात केली.

१७४९ मध्ये देशभर खानेसुमारीचं काम सुरू झालं. आकडे पुरवणारा पुन्हा गावचा पाद्रीच. यावेळी प्रश्न वेगळे होते: किती जन्मले, किती मेले, कोणत्या वयात, कोणत्या रोगाने. विज्ञान अकादमीचा चिटणीस पेअर वार्गेंतिन याने ते आकडे मांडले. फिनलंड धरून माणसं निघाली सुमारे बावीस लाख. राज्यकर्त्यांच्या मनातल्या देशापेक्षा हा देश फारच लहान होता. जन्मलेल्या दर पाच मुलांतलं एक वर्षाच्या आत मरत होतं. पहिली प्रतिक्रिया काय? आकडे गुप्त ठेवा, शत्रूला कळता कामा नयेत. पण ज्यांना ते माहीत होते त्यांच्यात सुईणी, देवी, दुष्काळ, स्थलांतर यांवर बोलणं सुरू झालं. माणूस मोजला जात होता तो आता जगावा म्हणून. आकडे झाकून या प्रश्नांवर काही करता येत नाही हे उघड होतं, आणि १७६० नंतरच्या काही वर्षांत ते छापलेही गेले.

छापण्याचाच प्रश्न पेटर फोर्सकोलने उभा केला. हा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा विद्यार्थी, सत्ताविसाचा. १७५९ मध्ये त्याने नागरिकांच्या स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका छापली. राज्याचे निर्णय उघड व्हावेत आणि त्यांवर लिहिता यावं, हा तिचा गाभा. सरकारने ती जप्त करायला सांगितली. विद्यापीठाचा रेक्टर म्हणून प्रती गोळा करण्याचं काम खुद्द लिनियसवर आलं. पाचशे प्रतींतल्या ७९ परत मिळाल्या, बाकीच्या लोकांनी दिल्या नाहीत. फोर्सकोल पुढे डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या अरबस्तानच्या शोधयात्रेत गेला आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने वारला. लिनियसने कपड्याला चिकटून बसणाऱ्या एका चिवट झुडपाला त्याचं नाव दिलं. त्या यात्रेतला शेवटपर्यंत जगलेला एकच माणूस, कार्स्टन नीबूर, त्याच वर्षी मुंबईला उतरला आणि घारापुरीच्या लेण्यांची मापं घेऊन त्याने चित्रं काढली. फोर्सकोलने जमवलेली वनस्पतींची टिपणं नीबूरनेच पुढे छापून आणली. आपल्याकडे नीबूरचं नाव लेण्यांच्या अभ्यासकांना ठाऊक असतं. त्याच्या सोबत्याची ही बाजूही ठाऊक असायला हवी.

फोर्सकोलचं काम पुरं केलं अँडर्स क्युडेनियसने. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नेदरवेतिल या गावचा हा दुय्यम पाद्री. १७६५ मध्ये तो पाद्र्यांच्या सभागृहात निवडून आला तो डांबराच्या प्रश्नावर. त्याच्या मुलखातले शेतकरी पाइनची साल वर्षानुवर्षं थोडी थोडी सोलून झाडात राळ भरू द्यायचे, मग झाडं तोडून उतरत्या खड्ड्यात रचायचे, वरून माती-शेवाळाने झाकून दिवसच्या दिवस धुमसत ठेवायचे आणि खालच्या तोंडाशी पिंप लावून डांबर धरायचे. युरोपातली जहाजं या डांबरावर तरंगायची. पण किनाऱ्यावरच्या शहरांना ते परस्पर परदेशी विकायची बंदी होती, माल स्टॉकहोमच्या व्यापाऱ्यांकडेच न्यावा लागायचा आणि भाव ते ठरवायचे. ही बंदी कोणी, कोणत्या हिशेबावर ठरवली, हे तपासायला गेलं तर कागद बंद. क्युडेनियसला प्रकटनस्वातंत्र्याची गरज पुस्तकातून कळली नाही. ती त्याला डांबराच्या पिंपातून कळली. बंदी उठली, आणि त्याने पुढची मागणी केली.

२ डिसेंबर १७६६ चा कायदा त्याच मागणीतून आला. सरकारी सेन्सॉरचं पद रद्द झालं. धर्मविषयक लेखन तेवढं चर्चच्या तपासणीखाली राहिलं. आणि त्याहून मोठी गोष्ट: न्यायालयांचे निकाल, खात्यांचे पत्रव्यवहार, सभेचं कामकाज कोणीही मागावं, नक्कल करून घ्यावी, छापावं, आणि कागद देणाऱ्याने टाळाटाळ करू नये. भारतात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला, हे लक्षात घेतलं तर १७६६ हे साल किती मागचं आहे ते उमजतं.

कॅप पक्षाला हॅटांची लफडी उघडी करायची होती म्हणून हा कायदा झाला, असा एक आक्षेप आहे. तो खरा आहे. त्याने कायद्याचं मोल कमी होत नाही, कारण उद्या सत्तेवर येणाऱ्या प्रत्येकाला तोच कायदा लागू होणार होता. क्युडेनियसला याचा अनुभव कायदा होण्याआधीच आला. आपल्याच पक्षाच्या चलनविषयक धोरणावर टीका छापल्याबद्दल त्याच्या सभागृहाने त्याला १७६६ च्या उन्हाळ्यात काढून टाकलं. कायदा मंजूर झाला तेव्हा तो सभेत नव्हता.

शेजारच्या डेन्मार्कशी तुलना केली की, माझा मुद्दा स्पष्ट होईल. तिथेही ल्यूथरपंथी पाद्री होते, चर्चच्या वह्या होत्या, वाचणारे लोक होते. पण १६६० पासून राजा सर्वाधिकारी. १७७० मध्ये वेड्या राजाचा वैद्य स्ट्रुएन्से याने एका फर्मानाने सगळी सेन्सॉरशिप उठवली, स्वीडनपेक्षाही एक पाऊल पुढे जाऊन. वर्षभरात ती सूट आकसायला लागली, आणि त्याचाच शिरच्छेद झाल्यावर तर तिला कोणी वाली उरला नाही. स्वीडनमधला कायदा चार सभागृहांतल्या भांडणातून, समितीतल्या घासाघिशीतून आला होता. १७७२ मध्ये तिसऱ्या गुस्तावने बंड करून सत्ता हाती घेतली आणि १७७४ मध्ये या कायद्याला कात्री लावली, हे खरं. पण १८०९ मध्ये त्याच्या मुलाला गादीवरून उतरवून नवी घटना केली गेली, तेव्हा कागद खुले असण्याचं तत्त्व पुन्हा आणलं गेलं आणि ते आजही चालू आहे. बिग्दिओच्या २१५ नावांपर्यंत अभ्यासकाला पोचता येतं ते याच परंपरेत.

क्युडेनियस १७७८ च्या सभेत पुन्हा आला. यावेळी त्याने लिहिलं ते गडी आणि मोलकरणींबद्दल. त्यांना आपला मालक निवडता यावा, मजुरी आपण ठरवावी, वर्षाच्या बांधिलकीतून सुटका व्हावी. भरतीत लढाईवर गेलेले बरेचसे याच वर्गातले होते. पाद्र्यांच्या याद्यांत त्यांची नावं दीडशे वर्षं होती, घरच्या परीक्षेत त्यांनाही पुढे येऊन वाचावं लागत होतं, आणि खुल्या झालेल्या कागदांतलं काय छापून आलं ते वाचण्याइतकं त्यांना येत होतं. क्युडेनियसच्या या म्हणण्याला विरोध झाला. धार्मिक स्वातंत्र्याचा त्याचा ठराव मंजूर झाला, गड्यांचा प्रश्न तसाच राहिला. त्या वर्गातल्या पुरुषांना मताचा अधिकार मिळाला १९०९ च्या सुधारणेने, आणि बायकांनी पहिल्यांदा मत दिलं १९२१ मध्ये.